सेंट नाणी, सदोष

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील एक सेंट मूल्याच्या ज्या नाण्यांत टांकसाळीतील घडणीच्या वेळीच काही चूक, उणीव वा विकृती राहून गेलेली असते, त्यांना सदोष सेंट नाणी म्हणतात. या नाण्याचे अधिकृत नाव ‘सेंट’ असे असले, तरी इंग्लंडच्या जुन्या नाण्यावरून आलेले ‘पेनी’ हे नावच लोकांच्या तोंडी रूढ आहे. डॉलरचा शंभरावा भाग असलेले हे नाणे १७९३ पासून २०२५ पर्यंत जवळजवळ अखंडपणे पाडले गेले. एवढ्या दीर्घ काळात त्याच्या घडणीचे तंत्र, धातू आणि आकृती अनेक वेळा बदलली व प्रत्येक बदलाबरोबर नव्या प्रकारचे दोषही उद्‌भवले. त्यामुळे या दोषांचा अभ्यास हा केवळ हौशी संग्राहकांचा विषय राहिलेला नाही. टांकसाळीत प्रत्यक्ष काम कसे चालत होते, याचा तो एक पुरावाच ठरला आहे. व्यवहारात ज्याची किंमत नगण्य, असे हे नाणे एखाद्या दोषामुळे हजारो डॉलरांस विकले जाते. साहजिकच खरा दोष कोणता, नंतर झालेली इजा कोणती आणि मुद्दाम केलेली बनवाबनवी कोणती, हे ओळखण्याला विशेष महत्त्व प्राप्त झाले आहे.

नाण्याची घडण : दोषांचे स्वरूप समजण्यासाठी नाणे कसे पाडतात, हे थोडक्यात पाहणे अवश्य आहे. धातूच्या लांब पट्ट्यातून प्रथम गोल चकत्या कापून काढतात. या चकत्या तापवून मऊ करतात, धुऊन स्वच्छ करतात आणि त्यांच्या कडा दाबून किंचित उंच करतात. अशी तयार चकती दाबयंत्रातील दोन पोलादी ठशांच्या मध्ये येते. तिच्याभोवती एक पोलादी कडे असते. ठसे एकमेकांवर जोराने दाबले जाताच धातू ठशांच्या खोलगट भागात शिरतो व चकतीच्या दोन्ही बाजूंवर एकाच वेळी आकृती उमटते. कड्यामुळे धातू बाहेर पसरत नाही आणि नाण्यास अचूक गोलाई येते. आधुनिक दाबयंत्रे मिनिटाला सु. ७५० नाणी पाडतात.

ज्या ठशाने नाणे पाडतात, तो ठसाही दुसऱ्या एका साधनाने तयार होतो. नाण्यावरील आकृती जशी दिसावयाची असते, तशीच उठावाची आकृती असलेला एक कठीण पोलादी मूळठसा असतो. तो मऊ पोलादावर दाबला, की त्यावर खोलगट व उलटी आकृती उमटते आणि कामाचा ठसा तयार होतो. पूर्वी एका दाबात आकृती पुरेशी खोल उमटत नसे. पहिल्या दाबाने पोलाद कठीण होई. म्हणून ते पुन्हा तापवून मऊ करीत व मूळठशाखाली दुसऱ्यांदा, प्रसंगी तिसऱ्यांदा, दाबीत. दुसऱ्या वेळी ठसा पहिल्या जागी तंतोतंत बसला नाही, तर त्यावरील अक्षरे व अंक दुहेरी उमटत. सेंटच्या सर्वांत प्रसिद्ध दोषाचे मूळ या प्रक्रियेत आहे.

दोषांचे त्यांच्या उगमानुसार तीन वर्ग करतात : चकतीचे दोष, ठशाचे दोष आणि ठोक्याचे दोष. ठशात असलेला दोष त्या ठशाने पाडलेल्या प्रत्येक नाण्यावर सारखाच उमटतो. चकतीचा किंवा ठोक्याचा दोष मात्र त्या एकाच नाण्यापुरता असतो. हा भेद ध्यानात ठेवल्यास पुढील बहुतेक परीक्षा सुगम होतात.

ऐतिहासिक आढावा : संयुक्त संस्थानांच्या काँग्रेसने २ एप्रिल १७९२ रोजी नाण्यांविषयीचा कायदा संमत केला आणि त्यानुसार फिलाडेल्फिया येथे पहिली टांकसाळ उभी राहिली. १७९३ मध्ये तेथे तांब्याचे मोठ्या आकाराचे सेंट पाडण्यास प्रारंभ झाला. या काळात ठशावरील अक्षरे व अंक हाताने एकेक ठोकून उमटवीत. परिणामी कारागिराची प्रत्येक चूक नाण्यावर कायमची राही. १७९३ च्या अगदी पहिल्या सेंटांपैकी काहींवर देशाचे नाव पुरे न बसल्याने ‘अमेरि’ एवढेच संक्षेपाने कोरलेले आहे. १७९६ च्या एका ठशात ‘लिबर्टी’ या शब्दातील ‘बी’ हे अक्षर प्रथम उलटे ठोकले गेले व नंतर ते सुलटे करण्यात आले. दोन्ही खुणा एकमेकींत मिसळून ते अक्षर ‘एच’सारखे दिसते. १८०१ च्या एका ठशात तर एकाच बाजूवर तीन चुका आहेत : एक शतांश दर्शविणाऱ्या अपूर्णांकाच्या छेदात १०० ऐवजी तीन शून्ये पडली आहेत, पानांच्या माळेचा एक देठ गळला आहे व ‘युनायटेड’ या शब्दातील आद्य ‘यू’ दोन ‘आय’सारखा उमटला आहे.

१८५७ मध्ये मोठा सेंट बंद होऊन लहान आकाराचा सेंट आला. प्रथम त्यावर उडता गरुड होता. १८५९ पासून पिसांचा मुकुट घातलेले मस्तक आले. १८६४ मध्ये तांबे व निकेलच्या मिश्रधातूऐवजी ९५ टक्के तांबे आणि उरलेले कथिल व जस्त असलेले कासे वापरात आले. १९०९ मध्ये अब्राहम लिंकन यांच्या जन्मशताब्दीनिमित्त व्हिक्टर डेव्हिड ब्रेनर या शिल्पकाराने घडविलेले लिंकन यांचे मुखचित्र सेंटवर घेण्यात आले. ब्रेनर यांच्या नावाची तीन आद्याक्षरे नाण्याच्या मागील बाजूस ठळकपणे दिसत असल्याने त्यांवर टीका झाली व थोड्याच दिवसांत ती काढून टाकण्यात आली. सॅन फ्रान्सिस्को येथे अशी आद्याक्षरे असलेली अवघी ४,८४,००० नाणी पडली होती. हा दोष नव्हे, तर हेतुपुरस्सर केलेला बदल होय. तथापि दुर्मिळतेमुळे सेंटकडे भिंगातून पाहण्याची सवय लोकांना लागली, ती प्रामुख्याने या नाण्यामुळे. १९१८ मध्ये ही आद्याक्षरे खांद्याच्या कडेवर बारीक अक्षरांत पुन्हा आली.

टांकसाळ ओळखण्यासाठी तारखेखाली एक अक्षर असते. ‘डी’ हे डेन्व्हरचे व ‘एस’ हे सॅन फ्रान्सिस्कोचे चिन्ह होय. फिलाडेल्फियाच्या सेंटवर, १९१७ नव्हे तर २०१७ या एका वर्षाचा अपवाद सोडल्यास, चिन्ह नसते. १९२२ मध्ये सेंट फक्त डेन्व्हर येथे पाडण्यात आले. त्यामुळे त्या वर्षाच्या प्रत्येक सेंटवर ‘डी’ असावयास हवा. परंतु झिजलेल्या व घासलेल्या ठशांतून पडलेल्या काही नाण्यांवर तो अंधुक आहे, तर काहींवर मुळीच नाही. अक्षराचा पूर्ण अभाव व मागील बाजूची सुस्पष्ट आकृती ही दोन्ही लक्षणे एकत्र असलेले नाणे विशेष मौल्यवान समजतात. साध्या अक्षराच्या अभावाने नाण्यास मोल यावे, यामुळे ‘डी’ खरवडून काढण्याचे प्रकारही पुष्कळ झाले.

दुसऱ्या महायुद्धात तांब्याची गरज दारूगोळ्यासाठी भासू लागली. म्हणून १९४३ मध्ये जस्ताचा मुलामा दिलेल्या पोलादाचे सेंट पाडण्यात आले व तिन्ही टांकसाळींतून त्यांची एक अब्जाहून अधिक नाणी बाहेर पडली. मागील वर्षाच्या काही कासे-चकत्या पेट्यांच्या वा यंत्रांच्या कोपऱ्यांत अडकून राहिल्या होत्या. त्या पोलादी चकत्यांबरोबर ठशाखाली गेल्या आणि १९४३ ची मोजकी तांबूस नाणी निर्माण झाली. सर्व टांकसाळी मिळून अशी वीस-पंचवीस नाणीच आजवर ज्ञात आहेत. १९४४ मध्ये याच्या उलट घडले : पोलादी चकत्यांवर काही सेंट पडले. त्या वर्षी फिलाडेल्फियाच्या टांकसाळीने शिल्लक राहिलेल्या पोलादी चकत्यांवर बेल्जियमसाठी दोन फ्रँकची नाणी पाडली होती, हेही या संदर्भात लक्षात घेण्याजोगे आहे. १९४३ चा तांब्याचा सेंट आणून देणाऱ्यास हेन्री फोर्ड मोटारगाडी देणार, अशी अफवा युद्धोत्तर काळात देशभर पसरली होती. ती निराधार होती. तरी तिच्यामुळे शाळकरी मुलेसुद्धा सुटे पैसे निरखून पाहू लागली. मॅसॅचूसेट्समधील एका मुलाला १९४७ मध्ये शाळेच्या उपाहारगृहात परत मिळालेल्या मोडीत असे खरे नाणे सापडले. त्याने ते आयुष्यभर जपले व २०१९ मध्ये त्याचा लिलाव २ लाख डॉलरांहून अधिक किंमतीस झाला.

१९५५ चा दुहेरी ठशाचा सेंट : या विषयाच्या इतिहासात १९५५ हे वर्ष निर्णायक ठरले. त्या वर्षी फिलाडेल्फिया येथे दर्शनी बाजूचा एक ठसा तयार होत असता दुसऱ्या दाबाच्या वेळी तो किंचित फिरलेला राहिला. त्यामुळे ‘इन गॉड वी ट्रस्ट’ हे वचन, ‘लिबर्टी’ हा शब्द आणि तारीख ही सर्व ठळकपणे दुहेरी उमटली. हा ठसा यंत्रावर चढला व चूक ध्यानात येईपर्यंत त्याने हजारो नाणी पाडली. तोवर त्यांतील सु. २० ते २४ हजार नाणी इतर चांगल्या नाण्यांच्या ढिगात मिसळून गेली होती. ती वेगळी काढावयाची, तर सबंध ढीगच वितळवावा लागला असता. म्हणून ती तशीच पुढे जाऊ दिली गेली.

ही नाणी प्रामुख्याने न्यूयॉर्क राज्याच्या उत्तर भागात व मॅसॅचूसेट्समध्ये आढळली. सिगारेट-विक्रीयंत्रांचा त्यांच्या प्रसाराशी संबंध जोडतात. त्या काळी सिगारेटचे पाकीट २३ सेंटला मिळे. परंतु यंत्रात २५ सेंटचे नाणे टाकावे लागे. उरलेले दोन सेंट पाकिटाच्या पारदर्शक वेष्टनाखाली ठेवलेले असत. अशा रीतीने कोरी नाणी थेट ग्राहकाच्या हाती पडत व त्यांवरील दुहेरी अक्षरे सहज नजरेत भरत. प्रारंभी अनेकांनी ती बिघडलेली नाणी म्हणून खर्चूनही टाकली. पुढे नाण्यांच्या प्रचलित मूल्यसूचींत त्यांना स्थान मिळाले आणि चूक हीच संग्रहाची वस्तू होऊ शकते, ही कल्पना सामान्य लोकांत रुजली.

यानंतर १९७२, १९८३, १९८४ व १९९५ या वर्षांचे दुहेरी ठशाचे सेंट प्रसिद्धी पावले. १९७२ व १९९५ च्या नाण्यांत दर्शनी बाजूची अक्षरे दुहेरी आहेत. १९८३ च्या नाण्यात मागील बाजूची. तर १९८४ च्या नाण्यात लिंकन यांच्या कानाखाली दुसरी पाळी दिसते. १९५८ च्या दुहेरी ठशाची केवळ तीन नाणी ज्ञात असून त्यांतील एक २०२३ मध्ये १० लाख डॉलरांहून अधिक किंमतीस विकले गेले.

१९६९ मधील सॅन फ्रान्सिस्कोच्या दुहेरी ठशाची हकीगत वेगळी आहे. त्याच सुमारास फिलाडेल्फियाच्या १९६९ च्या नाण्याची दुहेरी अक्षरांची बनावट आवृत्ती काढण्यात आली होती व सीक्रेट सर्व्हिस हे सरकारी खाते तिच्या मागावर होते. या धरपकडीत ‘एस’ चिन्हाची काही नाणीही जप्त झाली. ती नंतर अस्सल ठरली. ज्यांनी प्रामाणिकपणे आपले नाणे तपासणीसाठी पुढे केले, त्यांच्यावरच संशय घेतला गेला. दोषाची शास्त्रशुद्ध परीक्षा किती आवश्यक आहे, हे या प्रकरणाने दाखवून दिले. २००७ मध्ये मिशिगनमधील एका संग्राहकास गुंडाळ्या तपासताना असे नाणे मिळाले व लिलावात त्याची किंमत एक लाख डॉलरांच्या वर गेली.

चकतीचे दोष : पट्ट्यातून चकत्या कापताना पट्टा पुरेसा पुढे सरकला नाही, तर कापणीचे पाते आधीच्या भोकावर पडते व चकतीचा चंद्रकोरीसारखा तुकडा कमी होतो. अशा नाण्यात तुटक्या भागाच्या बरोबर समोरची कडही फिकट व दबलेली दिसते. कडा उंच करणाऱ्या यंत्रात तुटक्या बाजूकडून प्रतिदाब न मिळाल्याने असे घडते. कानशीने घासून वा कात्रीने कापून नंतर तुकडा काढला असेल, तर समोरची कड शाबूत असते. खरे-खोटे ओळखण्याची ही एक भरवशाची खूण आहे.

कासे धातूच्या जुन्या सेंटांत मिश्रण एकजीव न झाल्यास पृष्ठभागाचा पापुद्रा सुटतो. १९८२ च्या मध्यावर तांब्याच्या वाढत्या किंमतीमुळे सेंटचा गाभा जस्ताचा करण्यात आला. वर तांब्याचा पातळ मुलामा राहिला. तेव्हापासून नाण्यात ९७·५ टक्के जस्त व २·५ टक्के तांबे असते आणि वजन ३·११ ग्रॅमवरून २·५ ग्रॅमवर आले. या बदलाने मुलामा न चढलेले पांढरट सेंट व मुलाम्याखाली हवा अडकून आलेले फोड हे नवे प्रकार निर्माण झाले. मुलाम्याचे फोड अतिशय सामान्य असल्याने त्यांना मोल नाही. याउलट संक्रमणकाळात जुन्या धातूच्या चकतीवर पडलेले नाणे फार दुर्मिळ असते. १९८२ च्या डेन्व्हर टांकसाळीचे लहान तारखेचे कासे धातूचे नाणे २०१६ मध्ये, म्हणजे चौतीस वर्षांनी, प्रथम उजेडात आले. ते दिसण्यात इतरांसारखेच आहे. केवळ वजनावरून त्याची ओळख पटली. कधीकधी दहा सेंटच्या नाण्याची लहान चकती सेंटच्या ठशाखाली येते. तीवर कडेची अक्षरे अर्धवट तुटलेली दिसतात आणि वजन २·२७ ग्रॅमच्या आसपास भरते.

ठशाचे दोष : दुहेरी ठशाखेरीज या वर्गात आणखी अनेक प्रकार मोडतात. १९९० पूर्वी टांकसाळचिन्ह कामाच्या प्रत्येक ठशावर हाताने ठोकीत. एका ठोक्याने ते नीट न उमटल्यास दुसरा ठोका मारीत व दोन्ही खुणा शेजारी राहत. १९४४ च्या डेन्व्हरच्या काही नाण्यांत ‘डी’च्या खाली ‘एस’ दिसतो. १९९० पासून हे चिन्ह मूळच्या ठशातच अंतर्भूत झाल्याने हा प्रकार संपुष्टात आला.

ठशास तडा गेल्यास नाण्यावर उंच, वेडीवाकडी रेघ उमटते. ठशाच्या कडेचा तुकडाच निघून गेला, तर त्या जागी आकृतीविरहित, कडेला चिकटलेला धातूचा उंचवटा येतो. ‘लिबर्टी’ शब्दातील ‘बी’ व ‘ई’ यांमधील कपरा उडाल्याने तेथे ‘आय’सारखी उभी रेघ दिसणे, हा विशेषतः १९५० नंतरच्या दशकातील नाण्यांत वारंवार आढळणारा प्रकार आहे. चकती न येताच दोन्ही ठसे एकमेकांवर आदळले, तर एकाची आकृती दुसऱ्यावर उमटते. अशा नाण्यावर लिंकन यांच्या मुखाभोवती मागील बाजूच्या स्मारकाच्या खांबांच्या पुसट रेषा दिसतात. ठशात वंगण व धूळ साचल्यास एखादे अक्षर किंवा अंक गायब होतो. हा प्रकार नेहमीचा असून त्याचे मोल बेताचे असते.

काही वेळा ठशांची अदलाबदल होते. संग्राहकांसाठी चकचकीत नाणी पाडण्याच्या ठशात ‘अमेरिका’ या शब्दातील ‘ए’ व ‘एम’ ही अक्षरे सुटी होती, तर चलनी नाण्यांच्या ठशात ती जवळजवळ एकमेकांस टेकलेली होती. १९९८, १९९९ व २००० या वर्षांत पहिल्या प्रकारचे ठसे चलनी नाण्यांसाठीही वापरले गेले. याउलट १९९२ च्या काही मोजक्या नाण्यांत ही अक्षरे जुळलेली आढळतात. कारण पुढील वर्षासाठीचा ठसा त्याच वर्षी यंत्रावर चढला होता. या नाण्यांत अक्षर चुकलेले नाही की रेघ वाकडी नाही. चुकला आहे तो केवळ ठशाचा वापर.

ठोक्याचे दोष : चकती ठशांच्या मध्यावर न आल्यास आकृती एका बाजूस सरकते व उरलेला भाग कोरा राहतो. अशा नाण्यावर तारीख पूर्ण दिसत असेल, तर त्यास अधिक मान असतो. भोवतालचे कडे जागेवर नसताना ठोका पडल्यास नाणे पसरट होते. पाडलेले नाणे बाहेर न पडता पुन्हा ठोक्यात सापडले, तर आकृती दोनदा उमटते. नाणे ठशाला चिकटून राहिल्यास पुढील चकतीवर त्याच्या उघड्या बाजूची उलटी व खोलगट आकृती येते. आणि ठोक्यांमागून ठोके बसून चिकटलेल्या नाण्याला टोपीसारखा आकार येतो. हे दोष नजरेत भरणारे असले, तरी २००० नंतरच्या काळात ते विरळ झाले. वेड्यावाकड्या आकाराची नाणी वेगळी काढणाऱ्या चाळण्या टांकसाळीत सुधारण्यात आल्या आणि नाकारलेली नाणी दातेरी रुळांखाली चेपून बाद करण्याची पद्धत सुरू झाली.

परीक्षा : पाच ते दहा पट मोठे दाखविणारे भिंग, एका बाजूने पडणारा प्रकाश, ग्रॅमचा शंभरावा भाग दाखविणारा तराजू आणि एक लोहचुंबक एवढी साधने प्राथमिक परीक्षेस पुरतात. सर्वांत अधिक गोंधळ दुहेरी आकृतीविषयी होतो. खऱ्या दुहेरी ठशात अक्षराच्या दोन्ही प्रतिमा गोलसर व सारख्या उंचीच्या असतात, अक्षराची टोके दुभंगलेली दिसतात आणि अक्षर मूळपेक्षा जाड होते. याउलट ठोक्यानंतर सैल ठसा किंचित घसरल्याने येणारी दुसरी प्रतिमा सपाट, पायरीसारखी व चकचकीत असते आणि ती मूळ अक्षराचाच भाग खाते. परिणामी अक्षर बारीक दिसते. हा यांत्रिक दोष असंख्य नाण्यांवर असतो व त्यास मोल नसते. झिजलेल्या ठशामुळेही अक्षरांना अस्पष्ट छायेसारखी जोडप्रतिमा येते. १९५५ च्याच पुष्कळ सेंटांत शेवटचा ‘५’ अशा झिजेमुळे दुहेरी दिसतो. हे नाणे संग्राहकांत गरिबांचे दुहेरी नाणे म्हणून थट्टेने ओळखले जाते. अनेक नवख्यांनी ते खऱ्या नाण्याच्या भावात घेऊन नुकसान सोसले आहे.

टांकसाळीबाहेर झालेली इजाही अनेकदा दोष म्हणून पुढे केली जाते. कपडे वाळविण्याच्या यंत्रात दीर्घ काळ अडकलेल्या नाण्याच्या कडा आत वळून अक्षरे चेपली जातात. आम्लात बुडविलेले नाणे पातळ होते. परंतु त्यावरील आकृती सर्वत्र सारखीच झिजलेली असते. दोन नाणी शेगड्यात धरून एकमेकांवर दाबल्यास उलटी अक्षरे उमटतात. मात्र खालची मूळ आकृती चेपटलेली राहते. दोन्ही बाजूंस मुखचित्र असलेली नाणी जादूगारांच्या उपयोगासाठी पोकळ करून जोडलेली असतात व कडेच्या आतल्या अंगास सांधा सापडतो. लिंकन यांच्यासमोर जॉन केनेडी यांचे लहान मस्तक उमटविलेले सेंट ही खाजगी विक्रेत्यांनी काढलेली शोभेची वस्तू होय. नाणे पाडताना असा परिणाम घडू शकतो काय, हा प्रश्न प्रत्येक वेळी विचारला पाहिजे. घडणीच्या कोणत्याही टप्प्यावर त्याचे उत्तर मिळत नसेल, तर ती इजाच समजावी.

१९४३ च्या तांबूस सेंटची परीक्षा विशेष सावधपणे करतात. पोलादी सेंटवर तांब्याचा मुलामा चढविला असेल, तर ते लोहचुंबकास चिकटते. १९४८ च्या नाण्यातील ‘८’ कापून ‘३’ केला असेल, तर तो अस्सल नाण्यातील लांब शेपटीच्या ‘३’शी जुळत नाही. वजन ३·११ ग्रॅमच्या आसपास भरले आणि चुंबकाने ओढले नाही, तरीही तज्ञाची तपासणी आवश्यक ठरते.

गुंडाळ्यांतील शोध : अमेरिकेत बँका सेंटच्या ५० नाण्यांची कागदी गुंडाळी देतात, तिचे मूल्य अर्धा डॉलर होते. अशा ५० गुंडाळ्यांच्या पेटीत २,५०० नाणी असतात व ती २५ डॉलरला मिळते. गुंडाळ्या टांकसाळीत बांधल्या जात नाहीत. टांकसाळीतून सुटी नाणी मोठ्या पोत्यांतून जातात व पुढे बँका आणि नाणी मोजणाऱ्या संस्था त्यांच्या गुंडाळ्या करतात. म्हणून मोहोरबंद दिसणाऱ्या गुंडाळीत मूळची, न हाताळलेली नाणीच असतील, असे गृहीत धरता येत नाही.

या छंदाचा प्रसार १९३० नंतरच्या मंदीच्या दशकात झाला. वर्षवार भोके पाडलेले पुठ्ठे त्या वेळी स्वस्तात मिळू लागले व चलनातील नाण्यांनी ती भोके भरण्याचा नाद घरोघरी लागला. पेटीतील नाणी तपासून झाली, की ती बँकेस परत करता येत असल्याने या शोधात वेळेखेरीज काही गमवावे लागत नसे. १९६० मध्ये लहान व मोठ्या तारखेचे दोन प्रकार एकाच वर्षी निघाल्याने गुंडाळ्यांच्या सट्ट्यास ऊत आला. पुढे १९६४ च्या सुमारास तो ओसरला व पुष्कळांचे पैसे त्यात अडकले. दोषांच्या पद्धतशीर अभ्यासासाठी १९८३ मध्ये दोन जुन्या संस्थांच्या एकीकरणातून ‘कोनेका’ ही संस्था उभी राहिली. १९८६ व १९८७ मध्ये नाण्यांची परीक्षा करून ती मोहोरबंद वेष्टनात देणाऱ्या दोन प्रमुख व्यापारी संस्था निघाल्या. त्यामुळे फसवणुकीस काहीसा आळा बसला. परंतु किरकोळ इजेची नाणी दुर्मिळ म्हणून विकण्याचे प्रकार थांबलेले नाहीत.

सांप्रतची स्थिती : विसाव्या शतकाच्या अखेरीस ठसे एकाच दाबात तयार करण्याचे तंत्र आल्याने मोठ्या अंतराचे दुहेरी ठसे जवळजवळ नाहीसे झाले; मात्र ठशाच्या मध्यभागी किंचित दुहेरीपणा अजूनही आढळे. सेंटचा उत्पादनखर्च त्याच्या मूल्याहून पुष्कळ अधिक झाला होता. २०२४ या आर्थिक वर्षात तो नाण्यामागे ३·६९ सेंट इतका होता. अखेर १२ नोव्हेंबर २०२५ रोजी फिलाडेल्फिया येथे चलनासाठीचे शेवटचे सेंट पाडण्यात आले. जुने सेंट कायदेशीर चलन म्हणून कायम असून सु. ३०० अब्ज नाणी लोकांकडे असावीत, असा अंदाज आहे. कासे धातूच्या सेंटमधील तांब्याची किंमत नाण्याच्या दर्शनी मूल्याहून अधिक असल्याने ती वितळविण्यास २००६ च्या अखेरीपासून मनाई करण्यात आली.

चलनी नाण्यांची ही मालिका आता संपली असल्याने तिच्यातील दोषांची यादी अपुरी असली, तरी सीमित झाली आहे. जे दोष अद्याप उजेडात आलेले नाहीत, ते बरण्यांत, गल्ल्यांत आणि गुंडाळ्यांतच शोधावे लागतील. कागदपत्रांत टांकसाळी आपले यश व उत्पादनाचे आकडे नोंदवितात. कोणता ठसा वाकडा बसला, कोणती चकती पेटीच्या कोपऱ्यात अडकली, याची नोंद मात्र बहुधा नाण्यावरच राहते. ती नीट वाचणे आणि तिच्यात नसलेले काही न वाचणे, या दोन्ही गोष्टींना या अभ्यासात सारखेच महत्त्व आहे.